घरचा कॉम्प्युटर सगळ्यांचा एकच, पोरानं काहीतरी दाबलंय, आता नेमकं काय करू?

मास्तर_निलंगा | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी, थोडं लांबट लिहायलो पण सगळं सांगितल्याशिवाय कळणार नाही. जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे, तालुका निलंगा, जिल्हा लातूर. घरी एक डेस्कटॉप आहे, २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पोरांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला, विंडोज १०. हा एकच असल्यामुळं त्याच्यावर सगळेच बसतात, मी शाळेची ऑनलाइन माहिती भरतो, सौ. बचत गटाचा हिशोब ठेवते, मुलगी लातूरला अकरावीला आहे, नीटचा क्लास, ती शनिवारी आली की टेस्ट सोडवते, आन् बारका आठवीत आहे तो अभ्यास थोडा आन् गेम लई. सगळ्यांचं खातं एकच, पासवर्ड एकच, क्रोममध्ये सगळ्यांचे पासवर्ड सेव्ह, माझं नेटबँकिंग पण त्यातच.

आता झालं असं की आठ दिवसांपासून स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खालून चौकोन वर येऊलालेत, लाल अक्षरात, तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस सापडले, आत्ता साफ करा, आन् शेजारी एका मोठ्या अँटिव्हायरसचं चिन्ह. एक बंद केलं की दुसरा हजर. मी म्हणलं जाहिरात असंल. परवा सौ.ला मेल आला की तुमच्या खात्यात नवीन ठिकाणाहून लॉगिन झालंय, ठिकाण बघितलं तर देशाबाहेरचं. काल मुलीच्या मैत्रिणीचा फोन, काका तिच्या इन्स्टावरून आम्हाला सगळ्यांना पैसे दुप्पट करून देतो म्हणून मेसेज यायलेत. मुलीकडं तर तिकडं साधा बटणाचा फोन आहे, तिचं इन्स्टा इथंच कॉम्प्युटरवर उघडं असायचं.

मग बारक्याला जवळ बसवून विचारलं. आधी गप, नुसता कीबोर्डकडं बघत बसला. मग रडत रडत सांगितलं. गेमचे कॉइन फुकट मिळतात म्हणून एक साइट उघडली, तिथं तुम्ही रोबोट नाही हे दाखवा म्हणून चौकोन आला, त्यावर टिक केली तर पुढं लिहून आलं की कीबोर्डवरचं विंडोजचं बटण आन् आर सोबत दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर. पोरानं तसंच केलं. काळी खिडकी क्षणभर दिसली आन् गेली. कॉइन काही आले नाहीत. ही दहा दिवसांपूर्वीची गोष्ट, भीतीनं सांगितली नव्हती.

गावातला दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारून देतो आन् वर्षाचा अँटिव्हायरस टाका, सगळे मिळून दोन हजार. पैशाचं काही नाही पण त्यानं खरंच मिटतंय का हे कुणीतरी सांगा. आन् अजून एक, आमचे आप्पा ७१ वर्षांचे, त्यांच्या व्हॉट्सअॅपवर गावच्या ग्रुपमधून लग्नपत्रिका म्हणून फाइल आलीय, नावाच्या शेवटी एपीके लिहिलंय. त्यांनी अजून उघडली नाही, चष्मा दुरुस्तीला दिलाय म्हणून राहिलंय.

नांदेड_रिपेअर | रविवार, रात्री १०.१५

सर, बाकीचं नंतर वाचा, आधी उठून कॉम्प्युटरची नेटची वायर काढा. वायफायवर असंल तर वायफाय बंद करा. आन् त्या कॉम्प्युटरवर बसून एकही पासवर्ड बदलू नका, बदलला तर नवा पासवर्ड पण तिकडं जाईल. जे बदलायचं ते तुमच्या फोनवरून.

आता समजून घ्या, तुमच्याकडं दोन वेगळ्या गोष्टी झाल्यात आन् लोक दोन्ही एकच समजायलेत. कोपऱ्यातले लाल चौकोन हा व्हायरसच नाही. कुठल्यातरी साइटनं नोटिफिकेशन पाठवू का विचारलं आन् कुणीतरी अलाऊ दाबलं, बस. क्रोमच्या तीन टिंबांवर जाऊन सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन, तिथं अलाऊ केलेल्या साइटची यादी दिसती, अनोळखी नावं काढून टाका, एका मिनिटात चौकोन थांबतात. माझ्याकडं आठवड्याला चार-पाच गिऱ्हाईक याच कारणासाठी सीपीयू उचलून आणतात. फक्त त्या चौकोनावर क्लिक करायचं नाही आन् त्यात फोन नंबर दिला असंल तर लावायचा नाही. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो.

खरं दुखणं ते दुसरं. पोरानं टिक केली तेव्हाच त्या साइटनं त्याच्या नकळत एक कमांड कॉपी करून ठेवली. विंडोज आन् आर दाबलं की रन नावाची छोटी चौकट उघडती, कंट्रोल व्हीनं ती कमांड तिथं पडली, एंटरनं चालली. म्हणजे चोरानं दार फोडलं नाही, घरातल्याच माणसाकडून कडी काढून घेतली. याला क्लिकफिक्स म्हणायलेत, दोन वर्षांत लई वाढलंय, आन् मोठी शिकलेली माणसं पण फसायलीत, पोराला रागावू नका. ती कमांड बहुतेक वेळा नेटवरून एक चोर प्रोग्राम ओढून आणती जो ब्राउझरमधले सगळे सेव्ह पासवर्ड आन् कुकीज उचलतो आन् पाठवून देतो. कुकी म्हणजे काय तर तुम्ही एकदा लॉगिन केलं की साइट ब्राउझरला एक चिठ्ठी देती, हा माणूस ओळखीचा हाय, पुन्हा विचारू नका. ती चिठ्ठीच चोरली की ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. तुमच्या सौ.च्या मेलमध्ये आन् मुलीच्या इन्स्टात ओटीपी न येता शिरले ते असं.

म्हणून नुसता पासवर्ड बदलून भागत नाही, प्रत्येक ठिकाणी सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट करा म्हणजे जुन्या चिठ्ठ्या रद्द होतात. पहिले मेल, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड मेलवरूनच परत मिळतात, मेल त्याच्या हातात राहिला तर तुम्ही बदलत राहा, तो परत घेत राहील. मेलमध्ये रिकव्हरीचा मोबाइल नंबर आपलाच आहे का बघा आन् फॉरवर्डिंग आन् फिल्टरमध्ये अनोळखी पत्ता टाकून ठेवलाय का ते पण, हे कुणी बघतच नाही. मग नेटबँकिंग. मग इन्स्टा. सगळीकडं टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर अजून एक कोड मागायची सोय, चालू करा.

फॉरमॅट तर करावंच लागतं, असल्या प्रकारात साफ झालंय याची खात्री देता येत नाही. फोटो, वर्ड, एक्सेल, पीडीएफ एवढंच बाहेर काढा, सेटअपच्या फाइली आन् गेम काही घेऊ नका. पण सर फॉरमॅट कुणाकडून करता ते महत्त्वाचं. काही जणांकडं एकच पेनड्राइव्ह असतो आन् त्यात विंडोज फुकट चालू करायचं अॅक्टिवेटर. ते चालवायच्या आधी अँटिव्हायरस बंद करा म्हणतात. जो प्रोग्राम राखणदाराला बाहेर काढल्याशिवाय घरात येत नाही त्याच्यावर काहून भरवसा ठेवायचा? मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोजचा पेनड्राइव्ह बनवायचं मीडिया क्रिएशन टूल फुकट मिळतं, ८ जीबीचा पेनड्राइव्ह आन् दुसऱ्या कुणाचा तरी चांगला कॉम्प्युटर पाहिजे, एवढंच. आधीचं विंडोज लायसनचं असंल तर नेट लागल्यावर आपोआप अॅक्टिवेट होतं.

आन् विंडोज १० परत टाकू नका. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा असंल आन् टीपीएम २.० ही आतली सिक्युरिटीची सोय असंल तर विंडोज ११ बसतंय. नसंल तर ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे वाढीव सिक्युरिटी अपडेट घ्यायची सोय सेटिंग्जमध्ये अपडेटच्या पानावर दिलीय.

आता अँटिव्हायरस. विंडोजमध्ये डिफेंडर फुकट येतो, तो चालू आन् अपडेट ठेवला तर घरच्या वापराला पुरतो. माझ्या दुकानात अँटिव्हायरसचे डबे विकायला ठेवलेत तरी सांगायलो, तुमचा प्रश्न त्यानं सुटणारा नव्हता.

जालना_एमआयडीसी | रविवार, रात्री ११.०२

अँटिव्हायरसबद्दल मला पटलं नाही. आमच्या ऑफिसात पैशे देऊन घेतलेला आहे आन् त्यानं दोनदा मेलमधली खोटी बिलाची फाइल उघडायच्या आधी अडवली. घरी पण तोच टाकलाय, वर्षाचे सातशे-आठशे म्हणजे काही जास्त नाहीत, उगं जोखीम कशाला घ्यायची.

नांदेड_रिपेअर | रविवार, रात्री ११.१८

भाऊ, घ्यायचा त्यानं घ्यावा, वाईट काही नाही, फक्त एका वेळी दोन ठेवू नका, मशीन जड होतं. माझं म्हणणं एवढंच की मास्तरांच्या घरी नुकसान एवढं मोठं का झालं ते बघा. व्हायरस आला म्हणून नाही, सगळं घर एकाच खात्यात होतं म्हणून. आपल्याकडं घर एक असलं तरी आईची ट्रंक वेगळी असती, आजीची पेटी वेगळी, चाव्या ज्याच्या त्याच्याकडं. कॉम्प्युटरवर मात्र सगळ्यांचं सामान एकाच पोत्यात.

विंडोजमध्ये प्रत्येकाला वेगळं खातं फुकट करता येतं. अॅडमिनचं एक, ते रोज वापरायचंच नाही, फक्त काही इन्स्टॉल करायचं असंल तेव्हा. बाकी घरच्यांचं प्रत्येकाचं साधं स्टँडर्ड खातं, वेगळ्या पासवर्डचं. खरं ते सांगतो, स्टँडर्ड खात्यात पण पोरानं असली कमांड चालवली तर ती चालंल. पण तिला फक्त पोराच्याच खात्यातलं सापडंल. बापाचं नेटबँकिंग, आईचा मेल, ताईचं इन्स्टा हे सगळं भिंतीपलीकडं राहतं. फक्त असल्या वेळी अॅडमिनचा पासवर्ड मागणारी खिडकी आली तर तो टाकू नका, आन् पोराला तो पासवर्ड सांगूच नका.

परभणीची_ताई | सोमवार, सकाळी ७.२५

सर, मी बँकेत काउंटरला असते, कुठल्या ते सोडा. आप्पांच्या फोनचं मी सांगते कारण कॉम्प्युटरपेक्षा आमच्याकडं फोनचीच माणसं जास्त येतात, रडत येतात, पासबुक हातात धरून.

ती पत्रिका उघडायची नाही. पत्रिका फोटो असतो नाहीतर पीडीएफ, एपीके म्हणजे अॅप. कधी पत्रिका असते, कधी आरटीओचं चलान, कधी पीएम किसानची यादी, कधी पीक विम्याचं, आतला माल एकच. ते अॅप बसलं की एसएमएस वाचायची परवानगी मागतं, माणूस वाचत नाही हो हो करत जातो, आणि मग ओटीपी आला की तुमच्याआधी तो वाचतो. ग्रुपमध्ये ओळखीच्या माणसाच्या नावानं आलं म्हणून विश्वास बसतो पण त्या माणसाचाच फोन आधी चोरट्यांच्या ताब्यात गेलेला असतो आणि तो पुढं आपोआप पाठवत असतो. त्यामुळं तुमच्या ग्रुपात ज्याच्याकडून आलंय त्यांना फोन करून सांगा, मेसेज करू नका, फोन करा, त्यांना माहीतच नसेल.

आप्पांच्या फोनमध्ये सेटिंग्जला जाऊन इन्स्टॉल अननोन अॅप्स शोधा, तिथं व्हॉट्सअॅप, क्रोम आणि फाइल मॅनेजर तिन्हीला बंद करा. मग चुकून दाबलं तरी अॅप सरळ बसत नाही. प्ले स्टोअरमधलं प्ले प्रोटेक्ट, म्हणजे धोक्याची अॅप तपासणारी सोय, चालू आहे का बघा. व्हॉट्सअॅपला टू स्टेपचा सहा आकडी पिन टाका आणि लिंक्ड डिव्हाइसेसमध्ये आपलं नसलेलं काही दिसतंय का तेही बघा.

दुसरं, आप्पांचे पैसे ज्या खात्यात येतात त्याला यूपीआय जोडूच नका. एक छोटं खातं वेगळं काढा, त्यात दोन-तीन हजार ठेवा, फोनला तेवढंच जोडा. मी माझ्या सासऱ्यांचं असंच केलंय. आणि त्यांना एकच वाक्य पाठ करून घ्या, पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन पैसे द्यायला लागतो. आमच्याकडं एक काका आले होते, कापसाचे पैसे पाठवतो म्हणून क्यूआर पाठवला, स्कॅन करून पिन टाका म्हणजे जमा होतील असं सांगितलं, दोनदा टाकला बिचाऱ्यांनी, पहिल्यांदा आले नाहीत म्हणून परत.

आधारचं बायोमेट्रिक पण लॉक करता येतं, आधारच्या सरकारी अॅपमधून किंवा आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून, म्हणजे अंगठ्याचा ठसा चोरून कुणी पैसे काढू शकत नाही. पण नीट ऐका, लॉक असलं की रेशनच्या मशीनवर पण अंगठा घेत नाही आणि गावात अंगठा लावून पैसे काढता ते पण बंद. लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडायचं. हे न सांगता पोरं लॉक करून पुण्याला निघून जातात आणि म्हातारी माणसं रेशन दुकानातून परत येतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

तुमच्या नेटबँकिंगचं काल रात्रीच बघितलं असेल. व्यवहार झाला नसला तरी आज शाखेत जाऊन सांगा, लेखी द्या, पोच घ्या. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकापासूनचा नियम आहे, बँकेची पण चूक नाही तुमची पण नाही, मधल्या कुणीतरी पैसे नेले आणि तुम्ही बँकेचा निरोप मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार येत नाही. पण स्वतः ओटीपी किंवा पिन सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून उशीर महाग पडतो. आणि बँकेची साइट उघडताना पत्ता बघायची सवय लावा, रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत शेवटी डॉट बँक डॉट इन असलेला पत्ता घ्यायला सांगितलं होतं. गुगलवर कस्टमर केअर नंबर शोधून फोन लावू नका, नंबर पासबुकवर आणि कार्डामागं छापलेला असतो.

अंबाजोगाई_जुनं_घर | सोमवार, दुपारी १.५०

सर, तुमच्या पोरानं सांगितलं हे लई मोठं झालं. आमच्या घरात सांगितलं गेलं नाही म्हणून लिहायलोय.

माझे चुलते, निवृत्त माणूस, साधे. मागच्या वर्षी त्यांना व्हिडिओ कॉल आला, समोर खाकी ड्रेसमधला माणूस, मागं भिंतीवर अशोकस्तंभ, तुमच्या आधारवर सिम घेऊन गुन्हा झालाय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेरा बंद करायचा नाही, घरात कुणाला बोलायचं नाही. काका देवघराच्या खोलीत दार लावून दोन दिवस बसले. ताट दारात ठेवलं तर घेऊन आत जायचे. घरच्यांना वाटलं काहीतरी अनुष्ठान धरलंय. त्या दोन दिवसांत त्यांनी साडेचार लाख पाठवले, एफडी मोडून. वहिनीला शंका आली ती चहामुळं, काका कधी चहा नको म्हणत नाहीत आन् सलग चार वेळा नको म्हणले. तिनं दार वाजवून वाजवून उघडायला लावलं, फोन हातातून घेतला आन् बंद केला.

रात्री अकराला १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला. तिथं व्यवहाराचा नंबर, तारीख, वेळ, रक्कम, बँकेचं नाव एवढं विचारतात, मेसेज समोर ठेवून लावायचा. चोरटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात पळवतात, १९३० ला कळलं की त्या साखळीतल्या बँकांकडं निरोप जातो आन् जिथं सापडतील तिथं अडकवून ठेवतात. आमचे शेवटचे एक लाख दहा हजार अडकले, आदल्या दिवशीचे गेले ते गेलेच. अडकलेले पण लगेच मिळत नाहीत, आम्हाला कोर्टाचा आदेश लागला, सात महिने गेले. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर पण तक्रार भरली, तिचा नंबर जपून ठेवा, सगळीकडं तोच विचारतात.

डिजिटल अरेस्ट असलं काही कायद्यात नाहीच. ऑक्टोबर २०२४ च्या मन की बात मध्ये पंतप्रधानांनी पण सांगितलं होतं, थांबा, विचार करा आन् मग कृती करा. पण काकांना ते माहीत असून पण उपयोग झाला नाही, कारण त्यांना घाबरवून एकटं पाडलं होतं. नंतर पाहुणे यायचे ते एवढं शिकून असं कसं केलं म्हणायचे. काका तीन महिने पारावर गेले नाहीत. पैशापेक्षा ते जास्त बघवत नव्हतं.

आता आमच्या घरात ठरलंय, कुणी कुणाला सांगू नको म्हणलं की त्याच क्षणी फोन ठेवायचा आन् आधी घरातल्याला हाक मारायची.

मास्तर_निलंगा | गुरुवार, रात्री ८.५५

सगळ्यांचे मनापासून आभार. काय काय झालं ते सांगतो.

रविवारी रात्रीच वायर काढली, सौ.चा मेल फोनवरून घेतला. नांदेडवाल्या दादांनी सांगितलं ते फॉरवर्डिंग बघितलं तर खरंच एक अनोळखी पत्ता टाकलेला होता, येणारा प्रत्येक मेल तिकडं जात होता. ते बघून अंगावर काटा आला. काढून टाकला, सगळीकडून लॉगआउट केलं. बँकेत सोमवारी जाऊन नेटबँकिंग बंद करून परत घेतलं, लेखी दिलं, पोच घेतली, व्यवहार काही झालेला नाही. मुलीचं इन्स्टा तिला सुटीच्या वेळेला फोन करून तिच्याकडून माहिती घेऊन परत मिळवलं, ज्यांना मेसेज गेले त्या बावीस पोरींना तिच्या मैत्रिणीनं फोन करून सांगितलं, त्यातली एक पैसे पाठवायच्या बेतात होती.

फॉरमॅट स्वतः केलं. शाळेतल्या एका सरांच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह तयार केला, मधी दोनदा लाइट गेली, डाउनलोड पहिल्यापासून करावं लागलं, रात्रीचे दीड वाजले. प्रोसेसर दहाव्या पिढीचा आय थ्री निघाला पण विंडोज ११ बसत नाही म्हणून सांगायचं. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम बंद होतं, तिथं त्याचं नाव पीटीटी असं लिहिलेलं असतं, ते चालू केलं आन् बसलं. कुणाला अडलं तर हे बघा. अॅडमिनचं धरून पाच खाती केलीत. बारक्यानं त्याच्या खात्याला त्यानंच पासवर्ड ठेवलाय.

आता दोन प्रश्न राहिलेत. वायफायचं काय करायचं, पोरं बघू नये ते बघतात याची काळजी वाटते. आन् दुसरं, त्याच्या फोनमध्ये त्याला न कळता नजर ठेवणारं एक अॅप मिळतंय म्हणतात, ते टाकू का.

छसंनगर_नेटवर्क | गुरुवार, रात्री १०.३०

राउटरचं मी सांगतो, तेच काम करतो. बहुतेक घरात राउटरचं युजरनेम पासवर्ड कंपनीतून आला तसाच असतो, अॅडमिन अॅडमिन. वायफायचा पासवर्ड वेगळा आन् राउटरच्या सेटिंगचा वेगळा, हा दुसरा बदला. मागं स्टिकरवर पत्ता लिहिलेला असतो तो ब्राउझरमध्ये टाकून आत जा. तिथं डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणानं किंवा पिननं जोडायची सोय, बंद करा, सिक्युरिटी डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेवा, फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचं अपडेट दिसलं तर करून घ्या. मग डीएनएसच्या, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या सेवेच्या, जागी १.१.१.३ आन् १.०.०.३ टाका, हा क्लाउडफ्लेअरचा फुकटचा आहे, धोकादायक आन् अश्लील साइट दोन्ही अडवतो, घरातल्या सगळ्या डिव्हाइसला एकदम लागू. पण फोनच्या मोबाइल डेटावर तो लागू होत नाही आन् आठवीतलं पोर हे शोधून काढतं, त्यामुळं त्याच्यावरच विसंबून राहू नका.

अपडेट आलं की रिस्टार्ट नंतर करू म्हणू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणी मागणाऱ्या व्हायरसनं जगभर कॉम्प्युटर कुलूपबंद केले, मायक्रोसॉफ्टनं त्याचं ठिगळ मार्चमध्येच दिलं होतं, दोन महिने ज्यांनी लावलं नाही त्यांचं गेलं. म्हणून बॅकअप पण, तुमच्या सौ.च्या बचत गटाची एक्सेल दोन ठिकाणी ठेवा आन् त्यातली एक कॉपी हार्ड डिस्कवर, जी काम झालं की काढून कपाटात जाईल. लावून ठेवलेली डिस्क पण सोबतच कुलूपबंद होते. आन् सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात न्यायला वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, तिथून आल्यावर फोल्डरच्या जागी शॉर्टकट दिसले तर उघडू नका, आधी स्कॅन.

परभणीची_ताई | गुरुवार, रात्री १०.५५

सर, न कळता काही टाकू नका. ज्या पोरानं रडत का होईना पण स्वतः सांगितलं त्याला उद्या कळलं की बाबा लपून बघत होते, तर पुढच्या वेळी तो सांगणार नाही. गुगलचं फॅमिली लिंक आहे, ते त्याला सांगून, त्याच्यासमोर बसून लावा. किती वेळ, कोणती अॅप, रात्री किती वाजता फोन बंद, हे दोघांनी मिळून ठरवा.

मुलीला पण एक सांगून ठेवा, शनिवारी आली की आईनं सांगितलं तर जास्त बरं. कुणी फोटो पसरवीन म्हणून धमकी दिली, फोटो खरा असो की बनवलेला, तर पैसे द्यायचे नाहीत, चॅट डिलीट करायचं नाही, स्क्रीनशॉट घ्यायचे आणि घरी सांगायचं. सायबरक्राइमच्या पोर्टलवर महिला आणि मुलांच्या बाबतीत नाव न देता पण तक्रार करता येते. दुसऱ्या गावी एकट्या राहणाऱ्या पोरींना हे माहीत नसतं, आणि घरी कळलं तर शिक्षण बंद करतील या भीतीनं त्या गप्प बसतात.

मास्तर_निलंगा | शुक्रवार, सकाळी ६.४०

ताई, तुमचं पटलं, ते अॅप टाकत नाही. फॅमिली लिंक काल रात्री बारक्यासोबत बसून लावलं, साडेनऊची वेळ त्यानंच सांगितली, मी नऊ म्हणणार होतो. राउटरचा पासवर्ड खरंच अॅडमिनच निघाला, बदलला.

आप्पांचा चष्मा काल आला. ती पत्रिका त्यांच्यासमोरच डिलीट केली, एपीके कुठं लिहिलेलं असतं ते त्यांना बोट लावून दाखवलं, आता ते ग्रुपमधल्या दुसऱ्यांना फोन करून सांगायलेत. अननोन अॅप्स बंद केलंय. आधारचं लॉक आज दुपारी करतो, सकाळी त्यांचा रेशनचा अंगठा झाल्यावर.